उमेदवारी कोठे करावी?

(शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



उमेदवार हा शब्द हल्ली निवडणुकीच्या धामधुमीतच तेवढा कानी पडतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मात्र उमेदवार म्हणजे, आज ना उद्या जागा मिळेल या उमेदीवर कचेरीत वा कारखान्यात बिनपगारी राबणारा तरुण. त्या उमेदवारीस ना मुदत होती, ना कागद. पुढे १९६१ साली शिकाऊ उमेदवार अधिनियम झाला आणि शिकाऊ माणसालाही काही हक्क असतात हे कायद्याने मान्य केले. तरीही पालक आमच्याकडे येतात ते एकच मागणे घेऊन : "मुलाला कोठेतरी चिकटवून द्या." मुलगा म्हणजे काही पोस्टाचे तिकीट नव्हे! हे 'कोठेतरी' आम्हास बोचते, आणि आज आम्ही बोलणार आहोत ते त्याच्याविरुद्ध.

आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर घ्या. जन्म १८६९ चा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे ध्यानी आले की काही रंग आपल्या डोळ्यांस नीट ओळखू येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने हा केवढा आघात! परंतु लक्ष्मणरावांनी आपल्या हाताची पारख केली. रंग साथ देत नव्हते, पण रेषा देत होती. ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले, बेळगावात सायकलींचे दुकान काढले, कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर घडविले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. प्रारंभी नांगरास गिऱ्हाईक मिळेना. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली ती या सगळ्यानंतर. आपणास काय येत नाही हे वेळीच कळणे आणि काय येते ते हातचे न सोडणे, या दोन्ही गोष्टी त्यांना साधल्या.

आता तुमच्याकडे वळू. वीजतंत्री व्हायचे असेल तर आधी डोळे तपासून घ्या. तारांचे रंग ओळखण्यावर तेथे जिवाची सुरक्षितता अवलंबून असते. ही तपासणी फुकटात वा चार पैशांत होते, आणि तरीही दोन वर्षांचा अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी ती करून घेणारे विरळा. ओतशाळेत जायचे तर ऊन, धूळ, धग आणि जड उचल सोसेल का, हे स्वतःस विचारा. वाळूचा ओलावा नुसत्या मुठीत दाबून ओळखणारे कारागीर तेथे असतात. ती जाण पुस्तकाने येत नाही. लेथवर बसणाऱ्यास ताकदीपेक्षा चिकाटी हवी. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तरी सुटा भाग परत येतो. ज्याला गणिताच्या वहीत खाडाखोड खपत नाही, तो मुलगा येथे रमेल. मुलींनीही, अमुक काम आपले नव्हे, हे आधीच गृहीत धरू नये. मापन व तपासणीच्या खोलीत बारकावा लागतो, दंडाचा घेर नव्हे.

उद्यमबागेत जा, कोल्हापूरकडील वसाहतींत जा. पण अर्ज करण्यापूर्वी गेल्या वर्षीच्या शिकाऊ मुलांना गाठा. मालकाला विचारून कळणार नाही ते चहाच्या टपरीवर कळते. तिसऱ्या महिन्यात यंत्रावर हात पडला, की वर्षभर झाडू आणि चहाच होता? शिकविणारा मेस्त्री नेमलेला होता की नाही? ती मुले आज कोठे आहेत? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर विद्यावेतन हजार रुपयांनी कमी असले तरी ती जागा घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरची चूल त्या हजारावर अवलंबून असेल त्याला हा उपदेश कडू लागेल, हे आम्ही जाणतो. त्याने बसभाडे आणि खोलीभाडे वजा करून हिशेब मांडावा. दूरच्या मोठ्या आकड्यापेक्षा घरानजीकचा लहान आकडा पुष्कळदा अधिक भरतो.

कायद्याविषयी थोडे. तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, अडीच ते पंधरा टक्क्यांच्या मर्यादेत, असे २०१९ च्या नियमांनी ठरविले. त्याच नियमांनी शिक्षणानुसार दरमहा किमान विद्यावेतन ५,००० ते ९,००० रुपये केले. शिकाऊ माणसाला नगावारी मोबदल्यावर राबविता येत नाही. प्रशिक्षण सल्लागाराच्या संमतीवाचून त्याच्याकडून जादा तास करून घेता येत नाहीत. काम करताना इजा झाली तर भरपाईचा हक्क आहे. परंतु हे सारे कधी? लेखी करार झाला आणि त्याची सरकारी संकेतस्थळावर नोंद झाली तर! "पोरगा आपलाच आहे, कागद कशाला," असे गोड बोलून जेथे कागद टाळला जातो तेथे आपलेपणा पहिल्या अपघाताबरोबर संपतो.

करारात आणखी एक कलम शोधा. शिकून झाल्यावर त्याच मालकाकडे अमुक काळ नोकरी करण्याची अट काही वेळा असते; ती असेल तर सही केल्यावर नाही म्हणता येत नाही. नसेल तर नोकरी मिळेलच असे धरून चालू नका. २०१४ च्या दुरुस्तीनंतर शिकाऊंना नोकरीत घेण्याचे धोरण प्रत्येक मालकाने स्वतः ठरवायचे आहे. ते काय आहे, हे पहिल्याच भेटीत विचारावे. करार इंग्रजीत असतो, कन्नडमध्ये असतो. समजला नाही तर लाजू नये. ज्याला वाचता येते अशा माणसाकडून तो मराठीतून ऐकावा, आणि एक प्रत घरी ठेवावी. कारखान्यात मात्र मेस्त्री ज्या भाषेत बोलेल ती कामापुरती शिकून घ्यावी. यंत्राजवळची सूचना न कळणे बोटांना महाग पडते.

आमचे बोलणे येथे थांबवितो. शंका पालकांनी विचाराव्यात, पण आधी मुलामुलींनी; उमेदवारी त्यांना करावयाची आहे.