पिवळ्या विटांची वाट

एल. फ्रँक बॉम यांची 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ' ही गोष्ट १९०० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. वादळात घरासकट उडालेली डोरोथी अनोळखी मुलखात येऊन पडते. तिला घरी पोचवू शकेल असा जादूगार पाचूनगरीत राहतो आणि तिकडे जाणारा रस्ता पिवळ्या विटांचा आहे, एवढंच तिला कळतं. पुष्कळांना हा रस्ता आठवतो तो १९३९ च्या सिनेमातला. ज्युडी गारलंड नाचत निघते तो, चकचकीत.

पुस्तकातला रस्ता मात्र अंधेरी-घाटकोपरच्या माणसाला लगेच ओळखीचा वाटावा. थोडं पुढे गेलं की विटा फुटलेल्या, कुठे गायबच, मध्ये खड्डे. टोटो कुत्रा उडी मारतो, डोरोथी वळसा घालते. बुजगावणं नाकासमोर चालतं आणि दाणकन पडतं, कारण त्याला मेंदू नाही! आम्ही नमाजात सरळ वाटेची दुआ मागतो. ती वाट ही नव्हे, एवढं नक्की.

मग जंगलात रस्ता दरीने तुटतो. सिंह एकेकाला पाठीवर घेऊन उडी मारतो. पण पुढची दरी त्याच्याही आवाक्याबाहेरची. झाड तोडून आडवं टाकायची युक्ती सुचते कोणाला? त्या बिनमेंदूच्या बुजगावण्यालाच. पत्र्याचा लाकूडतोड्या कुऱ्हाड चालवतो. मागून हिंस्र जनावरं धावून येतात, तेव्हा ती झाडावर असतानाच तो पलीकडचं टोक तोडतो आणि झाड जनावरांसकट खाली जातं. पुढे नदी लागते, तिथे तराफा. सिनेमात या दऱ्याही नाहीत आणि तराफाही नाही, याची मला चुटपुट लागते.

जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचं भूमिपूजन झालं. पुढे उपनगरांतल्या गल्ल्या खणल्या गेल्या आणि दप्तरं पाठीवर घेतलेली मुलं फळ्यांवरून शाळेत जाऊ लागली. त्याच दिवसांत मुलुंडमध्ये काही मुलांना मी ही गोष्ट सांगितली. जनावरं दरीत पडली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाचवीतली एक मुलगी तेवढी गप्प होती. मी विचारलं, "काय गं, आवडली नाही का?"

ती म्हणाली, "आवडली. पण सर, झाड तर त्यांनी पाडलं. उद्या त्या रस्त्याने येणाऱ्यांनी कसं जायचं?"