गोठलेल्या भूमीवरील सुवर्णनगरी
(वार्षिक संमेलनात वाचलेले भाषण)



गतवर्षी ग्रीष्मात आम्ही कन्येकडे कॅनडात गेलो असता जावईबापूंनी आम्हांस युकॉन प्रदेशातील डॉसन नगरी दाखविली. व्हाइटहॉर्सपासून मोटारीने सुमारे ५३० किलोमीटर! चौतीस वर्षे भूगोल शिकविताना कायम गोठलेल्या जमिनीविषयी आम्ही फळ्यावर पुष्कळ लिहिले. परंतु तिच्यावर घर बांधले असता काय होते, हे तेथेच उमगले. घराची ऊब खाली झिरपते, जमिनीतील बर्फ वितळते आणि घर खचते. जुन्या दोन-तीन इमारती तर थकलेल्या वृद्धांप्रमाणे एकमेकींवर रेलून उभ्या आहेत. म्हणून घराखाली लाकडी ओंडके रचतात आणि घर कलले की जॅक लावून पुन्हा सरळ करतात.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये जवळच्या ओढ्यात सोने सापडले आणि दोन वर्षांत सुमारे ३०,००० माणसे तेथे लोटली. रात्रभर लाकडे पेटवून भूमी मऊ करावयाची, सकाळी ती खणावयाची, असा तो उद्योग. पुढे वाफेच्या नळ्या आल्या, अजस्र यंत्रनौका आल्या. त्यांपैकी चौथ्या क्रमांकाची नौका १९५९ पर्यंत चालली. ती आम्ही पाहिली. परंतु मन रमले ते अन्यत्र.

ती भूमी मूळची त्रोंडेक ह्वेचिन लोकांची. क्लोंडाइक नदीच्या मुखाशी त्यांचा मासेमारीचा तळ होता. तो सुवर्णार्थींनी व्यापला. तेव्हा त्यांचे प्रमुख आयझॅक यांनी आपल्या लोकांना नदीच्या खालच्या अंगास मूसहाइड येथे नेले. ह्या लोंढ्यात आपली गाणी आणि नृत्ये बुडतील ह्या भयाने त्यांनी ती अलास्कातील आप्तांच्या स्वाधीन केली. दागिन्यांची ठेव ठेवावी, तशी! अनेक दशकांनंतर वंशजांनी ती तेथून शिकून परत आणली.

हे ऐकून आम्ही बराच वेळ बाकावर बसून राहिलो. आमच्या मातोश्रींस जात्यावरच्या शेकडो ओव्या मुखोद्गत होत्या. आम्ही पडलो मॅट्रिक झालेले! ते अडाणी वाङ्मय, अशा समजुतीने एकही ओवी टिपली नाही. मातोश्रींस जाऊन आता एकवीस वर्षे झाली. परत आल्यावर थोरल्या अक्कांकडे वही घेऊन गेलो; त्यांना अकरा ओव्या आठवल्या, त्यांतल्या दोन अर्ध्याच. उपस्थित वृद्ध भगिनींपैकी कोणास उरलेले चरण ठाऊक असतील, तर त्यांनी सभेनंतर आम्हांस अवश्य भेटावे. वही आम्ही बरोबर आणली आहे.