वर्गातील मौन

“समजले ना?” या प्रश्नाला महाविद्यालयीन वर्ग बहुधा मौनानेच उत्तर देतो आणि अध्यापक त्यालाच होकार मानून पुढे जातो. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून निराळी वाट धरली. व्याख्यान मध्येच थांबवून ते प्रश्न घालीत. प्रत्येकाने आपले उत्तर द्यावे, शेजाऱ्याशी वाद घालावा, पुन्हा उत्तर द्यावे. बरोबर उत्तरे फारच थोडी आली, तर तोच भाग पुन्हा समजावावयाचा. आरंभी त्यासाठी हात वर होत. आता खिशातील मोबाइल ते काम करतो. नाव उघड न करता उत्तर देता येते, म्हणून भिडस्त विद्यार्थीही बोलका होतो. मात्र निम्मा वर्ग चुकला असे दिसल्यावर थांबण्यास वेळ कोठून आणावयाचा, हे अभ्यासक्रम आखणाऱ्यांनीच पाहावयास हवे.