शब्दांच्या भेंड्या आणि इंग्रजीची भीती



अमरावती-अकोल्याची महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठास जोडलेली होती. १९८३ साली अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ झाले. विद्यापीठ जवळ आले. इंग्रजी मात्र जवळ आली नाही. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला खेड्यातील हुशार मुलगा विज्ञानशाखेत गेला, की पुष्कळदा मुका होतो. त्यास विषय कळतो, शब्द अडतो. मेळघाटातील कोरकू मुलास तर इंग्रजी ही तिसरी भाषा होय. ही उणीव महाविद्यालयात दिसते. पण ती भरून काढण्याचा आरंभ प्राथमिक शाळेतच झाला पाहिजे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविली जात असल्याने तशी संधीही आहे.

याकरिता खर्चिक साधने नकोत. भेंड्या प्रत्येक मुलास ठाऊक आहेत. त्याच इंग्रजी शब्दांच्या खेळवाव्यात. एकाने ‘टेबल’ म्हटले, की दुसरा उच्चार ऐकून ‘लॅम्प’ म्हणेल. तेथे शिक्षकांनी शब्द फळ्यावर लिहावा. शेवटचे अक्षर ‘एल’ नसून ‘ई’ आहे, हे दिसताच मूल ‘एग’ शोधील. उच्चार आणि लेखन यांतील अंतर असे खेळता खेळता उमगते.

दुसरा खेळ अक्षरांच्या तुकड्यांचा. अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स यांनी इंग्रजीत कोणते अक्षर किती वेळा येते, हे मोजून ‘स्क्रॅबल’ हा खेळ रचला. त्याच्या इंग्रजी संचातील १०० तुकड्यांत ‘ई’चे १२, तर ‘क्यू’चा एकच. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर असा संच एका दुपारी तयार होतो.

मात्र एक दक्षता अवश्य घ्यावी. चुकणाऱ्यास ‘बाद’ करण्याची रीत वर्गात नसावी. जो लवकर बाद होतो, त्यासच सरावाची गरज अधिक असते. आणि नेमका तोच भिंतीशी बसून राहतो. म्हणून जोड्या कराव्यात, अडलेल्यास सोबत्याने सुचवावे, आणि सांगितलेला शब्द लहानशा वाक्यात योजण्यास लावावे. वाक्यावाचून शब्द म्हणजे ओलीवाचून बी.

पंप, मोटर, जिनिंग, प्रेसिंग हे शब्द कापसाच्या या मुलखात मुले घरूनच घेऊन येतात. आरंभ तेथून करावा. आपणास इंग्रजी मुळीच येत नाही, ही समजूत पहिल्याच दिवशी सुटली, तर पुढे महाविद्यालयात त्या मुलास मान खाली घालावी लागणार नाही.