मस्टर, मैदान आणि मुंबईकर

खेळाडू म्हणून नोकरीला लागलेला माणूस सकाळी मस्टरवर सही करतो, जेवणाच्या सुट्टीनंतर नेटला निघून जातो आणि त्याच्या टेबलावरच्या फायली बाकीच्यांनी उपसायच्या, ही तक्रार मुंबईच्या ऑफिसांत कितीतरी वर्षे ऐकू येत आली आहे. तक्रार खोटी नव्हती. फक्त ती करणारे बहुतेक जण रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला की कँटीनमधल्या रेडिओला कान लावून बसत, आणि आपल्या बँकेचा किंवा कंपनीचा माणूस शतकाजवळ आला की फायलींचा विषय आपोआप मागे पडे.

या दोन गोष्टींचा संबंध जवळचा आहे. 1958-59 पासून 1972-73 पर्यंत मुंबईने सलग 15 वेळा रणजी करंडक जिंकला. त्या काळात स्थानिक क्रिकेटमध्ये मिळणारा भत्ता इतका तुटपुंजा होता की त्यावर कुणाचे घर चालणे शक्य नव्हते. घर चालत होते ते पगारावर. अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरीला होते. त्यांच्याच नेतृत्वाखाली 1971 मध्ये भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही दौऱ्यांत कसोटी मालिका जिंकल्या. सुनील गावसकर निरलॉन कंपनीत होते. सचिन तेंडुलकरला घडवणारे रमाकांत आचरेकरही स्टेट बँकेचे कर्मचारी. त्यांचा एकुलता एक प्रथम श्रेणी सामना बँकेच्याच संघाकडून, हैदराबादच्या मोइनुद्दौला स्पर्धेत झाला. म्हणजे मुंबईच्या क्रिकेटचा खरा आश्रयदाता संस्थानिक नव्हता आणि सरकारही नव्हते. तो ऑफिसचा हजेरीपट होता.

कंपन्यांना यात काय मिळत होते? मुख्यतः प्रतिष्ठा. टाइम्स शील्ड ही कार्यालयांची स्पर्धा गटवार खेळली जाते. वरच्या गटात बँका, रेल्वे आणि मोठे उद्योग यांचे नामवंतांनी भरलेले संघ, तर खालच्या गटांत दिवसभर खरोखरच लेजर लिहिणारे कारकून. वरच्या गटातल्या सामन्यात कसोटीपटूंना कसोटीपटू गोलंदाजी करत, आणि पाहणारा कुणीही असो, तिकीट नसे. अशी क्रिकेटची मेजवानी फुकटात मिळणारे शहर दुसरे क्वचितच असेल.

आझाद मैदानावर हा प्रकार जवळून पाहण्यासारखा असतो. खेळपट्ट्या इतक्या लगत आहेत की सामन्यांच्या सीमा एकमेकींत घुसतात. एका सामन्यातला थर्ड मॅन दुसऱ्या सामन्याच्या पंचाजवळ उभा असतो. समोरून आपला चेंडू येतो आणि पाठीमागून परका, त्यामुळे नवख्या क्षेत्ररक्षकाला पहिली शिकवण मिळते ती मान फिरवत राहण्याची. पावसाळ्यात 1948 पासून चालत आलेली कांगा लीग याहून कठीण. खेळपट्टी उघडी, ओली. चेंडू कधी घसरतो, कधी अंगावर उसळतो. मैदानावर गवत वाढलेले, जमिनीवरून मारलेला फटका त्यातच अडकतो. अशा खेळपट्टीवर काढलेल्या 30 धावांना मैदानावरची जाणती माणसे अर्धशतकाचा मान देतात, आणि ते योग्यच आहे. मुंबईच्या फलंदाजाची विकेट सहज मिळत नाही असे जे म्हटले जाते, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या चिखलात आहे.

खेळाचा मोठा खर्च वेळेचा, आणि तो लोकलमध्ये होतो. गर्दीच्या डब्यात किटबॅग घेऊन शिरणे ही स्वतंत्र कसरत आहे. बॅग दारात ठेवली तर शिव्या, डोक्यावर धरली तर जास्त शिव्या. विरारच्याही पलीकडच्या पालघरहून असा प्रवास करत शार्दूल ठाकूर भारतीय संघापर्यंत पोहोचला.

गिरणगावात हिशेब वेगळा होता. तिथे पाळी सुटल्यावर उरलेल्या वेळात, चाळीपुढच्या किंवा मंडळाच्या छोट्या जागेत बसणारा खेळ हवा होता. कबड्डीला ना बॅट लागे ना पांढरे कपडे. लालबाग, परळ, प्रभादेवी इथल्या मंडळांनी खेळाडू घडवले आणि त्यांतल्या चांगल्यांना बँका, पोलीस दल, रेल्वे यांनी उचलले. कबड्डीपटूच्या आईवडिलांच्या लेखी पदकापेक्षा नेमणुकीच्या पत्राचे मोल अधिक होते. त्यांना यासाठी नावे ठेवणे सोपे आहे, पण 10 बाय 10 च्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने वेगळा विचार का करावा?

जानेवारी 1982 मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगावाची घडी विस्कटली. पुढे 1991 च्या आर्थिक उदारीकरणानंतर खासगी कंपन्या माणसागणिक काम मोजू लागल्या. अर्धा दिवस खेळणाऱ्या नोकरदाराचा पगार ताळेबंदात बसेना. मफतलाल, निरलॉन अशी नावे क्रिकेटच्या बातम्यांतून हळूहळू मागे पडली. 2008 मध्ये आयपीएल आणि 2014 मध्ये प्रो कबड्डी लीग आली तेव्हा खेळातच थेट पैसा आला. पैशाने खेळ बिघडला, असे कट्ट्यावर सर्रास म्हटले जाते. हे मत अर्धवट आहे. लिलावात निवडल्या जाणाऱ्या मोजक्या खेळाडूंचे भलेच झाले. कबड्डीपटूचा चेहरा तर घराघरांत पोहोचला. तोटा झाला तो मधल्या फळीतल्याचा. रणजीच्या उंबरठ्यावर थांबलेल्या खेळाडूला पूर्वी किमान पेन्शनची नोकरी असे. आता तिशीत पोहोचल्यावर त्याच्यापुढे बहुधा कोचिंगचे क्लास घेण्याचाच मार्ग उरतो. रेल्वे, आयकर खाते, पोलीस आणि काही सार्वजनिक कंपन्या खेळाडूंची भरती अजून करतात. जागा मात्र थोड्या आणि अर्ज फार.

खेळणारा नोकरदार मात्र शहरातून गेलेला नाही. उपनगरांत कृत्रिम हिरवळीच्या, जाळी लावलेल्या छोट्या मैदानांवर रात्री उशिरापर्यंत बॉक्स क्रिकेट चालते. ऑफिस सुटल्यावर आलेली टोळकी तासाचे भाडे आपसांत वाटून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर कामावर हजर होतात.