हमालाचा मालक कोण?

सांगलीच्या हळदीची ख्याति सर्वश्रुत आहे; २०१८ सालीं तिला भौगोलिक मानांकनही मिळालें. घरोघरच्या डब्यांत ती चिमूटभर असते; परंतु बाजारांत ती पोत्यांनीं येते आणि तेथून तिचा सारा प्रवास माणसाच्या पाठीवरून होतो. गाडींतून उतरविणें, सौद्यासाठीं ओतणें, पुन्हां भरणें, तोलणें, थप्पी लावणें आणि शेवटीं परगांवच्या ट्रकमध्यें चढविणें, इतक्या वेळां एकच माल हमालाच्या हातांखालून जातो. पूर्वीं ह्यांत आणखी एका कामाची भर असे. हरिपूरच्या जमिनींत खोदलेल्या पेवांत हळद सांठवीत. पेव उघडल्यावर आंत कोंडलेली दूषित हवा निघून जाईपर्यंत थांबावें लागे. मगच माणूस खालीं उतरे. २००५ च्या महापुरानें ह्या पेवांची मोठी हानि केली आणि गोदामांचें महत्त्व वाढलें. ओझें मात्र होतें तेथेंच राहिलें.

ह्या हमालाचा मालक कोण, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. सकाळीं तो एका अडत्याच्या दुकानीं, दुपारीं दुसऱ्याच्या, संध्याकाळीं ट्रकवाल्याच्या कामावर असतो. गिरणीच्या मजुराला जाण्यायेण्याचें एक दार होतें व हजेरीपटावर नांव होतें. म्हणून कारखान्यांचे कायदे त्याच्यापर्यंत पोंचले. हमाल सर्वांचा चाकर, आणि म्हणूनच कोणाचाही नव्हे! जिन्यावर पाय घसरून कंबर मोडली, तर भरपाई कोणीं द्यावी? दुकानदार मुकादमाकडे बोट दाखवी, मुकादम नशिबाकडे.

हा पेंच सोडविण्याची युक्ति प्रथम गोदींत निघाली. जहाज आलें तर काम, नाहीं तर उपवास, अशी गोदी कामगारांची स्थिति असे. ब्रिटननें १९४७ सालीं त्यांच्यासाठीं नोंदणीची योजना अमलांत आणली आणि हिंदुस्थानांत १९४८ सालीं तत्सम कायदा झाला. बाजारांतील हमालांना तसें संरक्षण मिळावयास आणखी एकवीस वर्षें लागलीं. ह्या लढ्याचे अग्रणी अण्णासाहेब पाटील हे सातारा जिल्ह्यांतील पाटण तालुक्याचे. मुंबईच्या मशीद बंदरच्या व दाणाबंदरच्या बाजारांत ओझीं वाहणारे बहुसंख्य लोक सातारा, सांगलीच्या डोंगराळ व दुष्काळी मुलखांतून आलेले असत. गांवाकडची जमीन पोट भरण्यास अपुरी, म्हणून गाळ्यांत दाटीनें राहून ते घरीं मनिऑर्डर धाडीत. त्यांच्या आंदोलनांतूनच १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा निष्पन्न झाला.

कायद्याचें मर्म त्याच्या यंत्रणेंत आहे. मालक, कामगार व सरकार यांच्या प्रतिनिधींचें एक मंडळ असतें. दुकानदार मंडळाकडे नोंदला जातो, हमालही नोंदला जातो. मजुरी हमालाच्या हातीं न देतां मंडळाकडे भरावयाची आणि तिच्यावर लेव्ही म्हणून आणखी ठराविक रक्कम द्यावयाची. ह्या रकमेंतून भविष्यनिर्वाह निधि, ग्रॅच्युइटी, सुटीचें वेतन व औषधोपचार चालतात. म्हणजे एका दुकानाला मालक ठरवितां येत नव्हतें, म्हणून कायद्यानें सबंध पेठच मालक ठरविली. मजुरी वाढली हें खरेंच. पण त्याहून मोठी गोष्ट ही कीं, वाहिलेल्या ओझ्याचा हिशोब प्रथमच कागदावर आला. म्हातारपणीं निधीची रक्कम हातीं येणें हें हमालाच्या आजाला स्वप्नांतही सुचलें नसतें.

व्यापाऱ्यांची बाजूही ऐकण्याजोगी आहे. लेव्हीनें हमालीचा खर्च चढतो, आणि जेथें नोंदणी नाहीं तेथें माल वळविण्याचा मोह होतो. वजनकांटा विजेचा झाल्यावर तोलाई कशाबद्दल द्यावयाची, हाही त्यांचा प्रश्न आहे. माथाडीचें नांव सांगून खंडणी उकळणारे लोकही निघाले, आणि त्यांनीं खऱ्या हमालाचें जेवढें नुकसान केलें तेवढें कोणत्याही व्यापाऱ्यानें केलें नसेल. शिवाय टोळी एकदां बांधली कीं तिचें दार नव्या माणसाला सहसा उघडत नाहीं. धान्य व हळद निवडणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या बायकांना तर ह्या दारापर्यंत पोंचणेंही कठीण जातें. दुर्बळांसाठीं केलेल्या कायद्यांतही अधिक दुर्बळ मागें राहतात, ही त्याची उणीव मान्य केली पाहिजे.

अलीकडचा वाद यंत्राचा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें १९६७ सालींच प्रौढ पुरुषानें वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोंवर यावी अशी शिफारस केली होती. ओझें हलकें व्हावें ह्याला कोणाचा विरोध असणार? पण गोदींत कंटेनर आले, माणसें कमी झालीं, आणि ब्रिटनची ती योजना १९८९ सालीं रद्द झाली. महाराष्ट्रांत २०२३ सालीं कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक विधिमंडळापुढें आलें. खंडणीखोरीस आळा घालणें हा त्याचा हेतु सांगितला गेला. परंतु केवळ अंगमेहनतीच्या कामालाच संरक्षण उरेल आणि यंत्राच्या साहाय्यानें होणारें काम वगळलें जाईल, ह्या भीतीनें हमालांच्या संघटनांनीं त्याला तीव्र विरोध केला. ट्रकमधून पोतीं सरकत्या पट्ट्यावर उतरूं लागलीं, तरी पट्ट्याच्या एका टोकाला तीं ठेवणारा आणि दुसऱ्या टोकाला त्यांची थप्पी लावणारा माणूस असतोच. तो माथाडी कीं नव्हे, ह्यावर त्याचा निधि अवलंबून आहे.