कानाची परीक्षा

इंदूरच्या राजेंद्रनगरातील मराठी विद्यार्थी घरी मराठी बोलतो, बाहेर हिंदी. इंग्रजी त्याला भेटते ती बहुधा पुस्तकात. २०२२ साली सुरू झालेल्या सीयूईटी या विद्यापीठ-प्रवेशपरीक्षेत इंग्रजीचे उतारे व व्याकरण तपासतात, कान नव्हे. परदेशी विद्यापीठांकरिता घेतल्या जाणाऱ्या आयईएलटीएसमध्ये मात्र ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवून ४० प्रश्न विचारतात. तेथे व्याकरणात निपुण असलेलाही ‘थर्टीन’चे ‘थर्टी’ लिहून बसतो. कारण आघातावरून शब्द ओळखण्याची सवय मराठी कानाला नाही. आणि ती इवलीशी उपपदे! आपल्या भाषेत ती नाहीतच. मग ऐकू यावीत कशी? रोज एखादे वाक्य ऐकून लिहावे, छापील मजकुराशी ताडावे. गळालेले ‘द’ तेव्हा दिसू लागतात.